सयामची अयोध्या आणि आमचे नंदुरबार

अक्षय्य तृतीयेला सौभाग्यवतींचे वर्षीतपाचे पारणे झाले आणि मुलाने केव्हाचा ठरवून ठेवलेला बेत पुढे केला. तो गेली दहा वर्षे बँकॉकला रत्नांच्या व्यापारात आहे. “मिरचीचा हंगाम संपला, चातुर्मासाला अवकाश आहे; पप्पा, आता कारण सांगू नका,” असे त्याने फोनवर बजावले. आमच्या पेढीवर मिरचीची आडत. दसऱ्यापासून होळीपर्यंत मान वर करायला सवड नसते, आणि उरलेल्या दिवसांत वसुली संपत नाही. तरीही या वेळी निघालो. त्याच्या आमंत्रणामागे आणखी एक बोलणे दडलेले होते आणि ते आम्हां दोघांनाही ठाऊक होते : पेढी आवरा आणि इकडेच या.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुनीमजींनी विचारले, “माळ्यावरच्या जुन्या वह्यांना वाळवी लागते आहे. रद्दीत काढू का?” माझ्या आजोबांच्या काळच्या, महाजनी लिपीतल्या त्या वह्या. आता ती लिपी घरात कोणालाही वाचता येत नाही. “परत आल्यावर काढू,” एवढेच म्हणालो.

मुंबईहून साधारण साडेचार तासांत विमान बँकॉकला उतरले. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. चौविहार पाळणाऱ्याने उतरल्याबरोबर घड्याळ लावावे आणि सूर्यास्ताची वेळ विचारून घ्यावी, ही पहिली सूचना. दुसरी सूचना आहाराची. तेथे भाजीच्या पदार्थातही माशाचा रस सर्रास पडतो. म्हणून ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत ‘जे’ असे थाई चिन्ह दिसेल तेथे मांस, मासे, अंडी नसतात. शिवाय कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चिनी बौद्धांच्या व्रतातून आलेला हा आहार. मात्र मुळा, गाजर, बटाटा त्यात असू शकतो, तेवढे विचारावेच लागते. आमचे बहुतेक जेवण घरीच होते. बाहेर पडताना सुनेने खाकरे, मेथीचे ठेपले आणि उकळून गार केलेले पाणी बरोबर दिले, आणि भर उन्हात सयामच्या देवळांच्या सावलीत बसून आम्ही ते खाल्ले.

बँकॉक ही चाओ फ्राया नदीवरची नगरी. 1782 साली पहिल्या रामाने, म्हणजे आजच्या राजवंशाच्या मूळ पुरुषाने, ती राजधानी केली. नदीतल्या होड्यांतून शहर पाहावे हे उत्तम. पूर्व तीरावर राजवाडा आणि त्याच्या आवारातील वाट फ्रा केव, म्हणजे हिरव्या रत्नाच्या बुद्धाचे मंदिर. मूर्ती जेमतेम 66 सेंटिमीटर उंच; पण उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंप्रमाणे तिची वस्त्रे स्वतः राजा बदलतो. आवाराभोवतीच्या ओवरीच्या भिंतींवर थाई रामायणाची 178 चित्रे आहेत. हनुमान, दशमुख, सीता ओळखण्यास कोणी मार्गदर्शक लागला नाही. ती सौभाग्यवतींनीच नातवाला एकेक करून सांगितली.

जवळच वाट फो. तेथील शयनमुद्रेतील बुद्धमूर्ती 46 मीटर लांब आहे. तळपायांवर शिंपल्याच्या नक्षीत 108 मंगलचिन्हे कोरलेली आहेत, आणि पाठीमागे ओळीने मांडलेल्या 108 पात्रांत भाविक एकेक नाणे टाकत जातात. नाण्यांचा तो अखंड किणकिणाट ऐकत सौभाग्यवती थोडा वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, “आपल्या माळेचे मणीही तेवढेच.” पलीकडच्या तीरावर वाट अरुण उभे आहे. त्याच्या शिखरावर चिनी मातीच्या भांड्यांचे हजारो तुकडे फुलांच्या आकारात बसवले आहेत.

येथील भिक्षू दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत, हे कळले तेव्हा सूर्यास्तापूर्वी ताट आवरणाऱ्या आम्हांला हा देश जरा कमी परका वाटू लागला.

सिलोम आणि महेसक रस्त्यांच्या भागात रत्नांच्या व्यापाऱ्यांची दाटी आहे. जयपूर, सुरत, मुंबईकडील आपले अनेक लोक तेथे आहेत आणि देरासरही आहे. माणिक-नीलमच्या पुड्या उघडून, खिडकीच्या उजेडात दोन बोटांत खडा फिरवताना मी मुलाला पाहिले. मिरचीचे बोंड चुरगळून त्याचा रंग पाहताना माझे वडील असेच उभे राहत. व्यापार निराळा, पण पारख तीच. मला समाधान वाटले, आणि काहीशी हुरहूरही.

चौथ्या दिवशी आगगाडीने अयुत्थयाला गेलो. बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ऐंशी किलोमीटरवरील हे गाव म्हणजे सयामची जुनी राजधानी. नाव उच्चारून पाहावे. ती आपली अयोध्याच आहे. आदिनाथ भगवंतांची आणि आणखी चार तीर्थंकरांची जन्मभूमी म्हणून जी अयोध्या आपण नित्य स्मरतो, तिचेच नाव हजारो कोस दूरच्या एका राजाने आपल्या राजधानीला दिले. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पा साक या तीन नद्यांनी वेढलेल्या बेटावर, चौदाव्या शतकाच्या मध्यास, 1351 च्या सुमारास ती वसली आणि चार शतके नांदली.

आज तेथे विटांचे अवशेष आहेत. वाट फ्रा सी सानफेत येथे तीन राजांच्या अस्थींवर उभारलेले तीन स्तूप एका रांगेत उभे आहेत. वाट महाथात येथे एका झाडाच्या मुळांनी वेढलेले बुद्धाचे दगडी मस्तक आहे. धड नाही, केवळ शांत मुख. तेथे छायाचित्र काढायचे तर खाली बसावे लागते, कारण आपले मस्तक बुद्धाच्या मस्तकापेक्षा उंच असू नये. रखवालदार प्रत्येकाला खूण करून बसवत होता. भग्न मूर्तीचाही एवढा मान!

पण माझे मन रमले ते नदीकाठच्या व्यापारी वस्त्यांच्या खुणांत. ही केवळ राजाची नगरी नव्हती, पेठ होती. पोर्तुगीज 1511 साली येथे आले. पुढे जपानी, डच, इंग्रज, फ्रेंच आले. चिनी आणि इराणी व्यापारी तर होतेच. ज्याच्या त्याच्या वस्तीला नदीकाठी जागा नेमून दिलेली होती. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांच्या व्यापाराबरोबर सोळाव्या शतकात ती पूर्वेकडे पसरली. जिच्यावर आमच्या तीन पिढ्या पोसल्या आणि जिच्यावाचून थाई माणसाचा घास उतरत नाही, ती मिरची दोन्ही गावांना परदेशी व्यापाऱ्यांनीच आणून दिली.

1767 साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने दीर्घ वेढ्यानंतर हे शहर जिंकले आणि जाळले. जे वाचले ते नदीने खाली सरकले. पुढे बँकॉकचा तट बांधायचा झाला तेव्हा अयुत्थयाच्या पडक्या भिंतींच्या विटा होड्यांत भरून तेथे नेण्यात आल्या. एवढेच नव्हे, नव्या राजधानीच्या लांबलचक औपचारिक नावातही अयुत्थया हा शब्द गुंफला गेला. गाव सोडावे लागले, पण नाव आणि विटा सोडल्या नाहीत.

नातवाने विचारले, “मग आपण मारवाडातून आलो तेव्हा काय आणले?” मी म्हणालो, “लोटा, दोरी आणि नवकार.” तो हसला. पण त्याचा प्रश्न माझ्या मनात राहिला.

पुढच्या दिवसांत लोपबुरी आणि नाखोन पाथोम ही गावेही पाहिली. लोपबुरीला सतराव्या शतकात नाराय राजाची दुसरी राजधानी होती. तेथील ख्मेर धाटणीची तीन शिखरे प्रसिद्ध आहेत. माकडांपासून मात्र हातातली पिशवी सांभाळावी. नाखोन पाथोमचा नारिंगी-सोनेरी स्तूप सुमारे 120 मीटर उंच आहे आणि गाव त्याच्याभोवती वसले आहे. वेळ थोडा असेल तर लोपबुरी वगळावे. अयुत्थयाला मात्र पूर्ण दिवस द्यावा आणि सकाळी लवकर निघावे, कारण दुपारच्या उन्हात विटा तापतात.

शेवटच्या संध्याकाळी जेवण आवरून आम्ही पितापुत्र नदीकाठी बसलो. मुलाने अखेर विषय काढला. “पप्पा, तुमचे वय झाले. आईला सोबत हवी. पेढी कोणासाठी चालवायची?” त्याचे काहीच चुकीचे नव्हते. माझे आजोबा मारवाड सोडून खान्देशात आले तेव्हा त्यांच्या वडिलांनीही हेच ऐकून घेतले असेल. व्यापारी माणूस दिसावर गाठतो. अडून बसणे हा त्याचा धर्म नव्हे. मी म्हणालो, “दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत सवड दे.” आणि सुटी होती म्हणून नातवाला बरोबर घेऊन आलो.

नंदुरबारला उतरल्यावर त्याने पहिल्याच दिवशी फर्मावले, “आता तुमचे गाव दाखवा. अयुत्थयासारखे.” आणि माझी अडचण झाली. गावात साठ वर्षे काढून मी गाव दाखवायला कधी निघालोच नव्हतो.

तरी निघालो. त्याला सांगितले की अयुत्थया वसण्यापूर्वी सुमारे दहा वर्षे, 1342 च्या सुमारास, इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या गावावरून गेला होता. येथील मराठी लोक कारागिरीत निपुण आहेत, तांदूळ, भाज्या आणि तिळाचे तेल हा त्यांचा आहार आहे, आणि प्राण्यांना पीडा देणे त्यांना आवडत नाही, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. तोच प्रवासी पुढे समुद्रमार्गे सुमात्रापर्यंत गेला. नातवाचे डोळे विस्फारले. सुरत-बऱ्हाणपूर मार्गावरील ही पेठ एवढी भरभराटीची होती की सतराव्या शतकात इंग्रजांनी येथेही वखार घातली होती, हेही सांगितले. “ती जागा कुठे आहे?” त्याने विचारले. मला दाखवता आली नाही. अयुत्थयात परक्यांच्या वस्त्या बोट दाखवून पाहिल्या होत्या. आपल्याच गावात मात्र बोट कोठे दाखवावे हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी प्रकाशाला गेलो. तापी आणि गोमाईच्या संगमावरील हे क्षेत्र दक्षिण काशी म्हणून ओळखले जाते. केदारेश्वराच्या मंदिरापर्यंत आपण सारेच जातो. पण याच गावी 1955 साली पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात ताम्रपाषाण युगातील वस्तीचे अवशेष मिळाले. म्हणजे येथे माणूस तीन हजार वर्षांहून अधिक काळ राहत आला आहे. संगमाच्या काठी नातू म्हणाला, “इथेही नद्या एकत्र येतात.” 

संध्याकाळी त्याला बाजारपेठेतील हुतात्मा स्मारकापाशी नेले. 9 सप्टेंबर 1942 रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर येथे गोळीबार झाला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही पाच मुले गेली. शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता. पेठेतल्या घरांतली ही मुले. मेहता, शहा, वाणी ही नावे आपल्याच शेजारची. व्यापारी माणूस गावात केवळ कमवायला येतो असे कोणी म्हणाले तर त्याला येथे आणून उभे करावे. नातू नावे वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, “हा माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा.”

घरी आल्यावर मी मुनीमजींना बोलावले. वह्या रद्दीत जाणार नाहीत असे सांगितले. त्या उन्हात टाकल्या, झटकल्या, कडुनिंबाचा पाला घालून नव्या पेटीत ठेवल्या. महाजनी लिपी वाचू शकणारा कोणी वृद्ध मुनीम कोठे आहे का, याची चौकशी चालू आहे. वाचकांपैकी कोणास ठाऊक असल्यास जरूर कळवावे. कोणत्या गावातून किती माल आला, कोणाला दुष्काळात उधार दिले, कोणाचे सोडून दिले, हे त्या पानांत असेल. या गावाने आमच्यावर काय विश्वास टाकला त्याची ती नोंद आहे.

पेढीचे काय करायचे ते दिवाळीला ठरेल. मुलाकडे जाणे कदाचित टळणार नाही, आणि त्याचे दुःखही मानू नये. पण जाईन तेव्हा ती पेटी माझ्याबरोबर होडीत असेल, आणि नातवाला नंदुरबार दाखवता येईल इतके मी तोवर शिकून घेतलेले असेल. आपल्यापैकी ज्यांची मुले सुरत, पुणे किंवा परदेशी आहेत, त्यांना एवढीच विनंती : बँकॉकला जरूर जा, अयुत्थया पाहा, आणि परत आल्यावर एक दिवस आपले गावही तितक्याच आदराने, खाली बसून पाहा.