पेन्शनीतलं स्कीइंग : औली, सोलंग, गुलमर्ग

स्कीइंग महाग पडतं ते घाईमुळे, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. आठवड्याची रजा काढून येणाऱ्याला विमान लागतं, उताराच्या तोंडाशी हॉटेल लागतं, आणि त्या आठवड्यात बर्फ पडला नाही की सगळा खर्च पाण्यात. मला आणि माझ्या वहिनीला रजा कुणाकडे मागायचीच नव्हती. दोघीही शाळेतून निवृत्त झालेल्या. पेन्शन बेताची, पण अख्खा हिवाळा मोकळा. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, ती अजून सुरू झालेली नाही. तेव्हा लांब पल्ल्याचा प्रवास जाताना एकदा आणि येताना एकदा, एवढाच करायचा असं ठरवलं. आधी औली, मग सोलंग, शेवटी गुलमर्ग, आणि जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुण्याला परत.

ऋषिकेशहून पहाटेच्या बसने निघालो. जोशीमठ तिथून अडीचशे किलोमीटर. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग एकामागून एक मागे पडले आणि पोचेपर्यंत दिवस मावळला. जानेवारी २०२३ मध्ये या गावाची जमीन खचली, शेकडो घरांना तडे गेले. वर औलीला नेणारा चार किलोमीटरचा रोपवेही तेव्हाच बंद पडला. तडे अजून दिसतात. तरी आम्ही खाली गावातच, एका कुटुंबाकडे खोली घेतली. वर उतारालगतच्या हॉटेलांपेक्षा ती खूपच स्वस्त पडली. शिवाय डोंगरावर नवं बांधकाम वाढण्यापेक्षा आहे त्या घरांत पाहुण्यांनी राहावं, असं मला मनापासून वाटतं. हिवाळ्यात बद्रीनाथचे दरवाजे बंद असतात, शंकराचार्यांची गादी इथल्या नृसिंह मंदिरात आणलेली असते. सकाळी तिथे हात जोडायचे आणि जीपने वर जायचं, असा आमचा क्रम होता.

औलीत गढवाल मंडल विकास निगमाची सोय आहे. स्की, बूट, काठ्या भाड्याने मिळतात आणि शिकवणारेही असतात. नवशिक्याने विकत काही घेऊ नये. हातमोजे, गॉगल आणि लोकरीचे मोजे मात्र स्वतःचे असावेत.

बुटांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या वयात सगळं तिथेच ठरतं. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो. मोजा एकच घालायचा, त्याला सुरकुती राहता कामा नये. बकल खालून वर लावत जायचं. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेला टेकली आणि टाच जागची हलली नाही, म्हणजे बूट बरोबर बसला. मग तळव्याला चिकटलेला बर्फ काठीच्या टोकाने खरवडून काढायचा, आधी चवडा बाइंडिंगमध्ये सरकवायचा आणि टाच जोरात दाबायची. खट्ट असा आवाज आला की झालं. माणूस पडला की पाय मुरगळण्याआधी स्की सुटावी, हे काम बाइंडिंगचं. ती किती जोरावर सुटावी हे वजन, उंची, बुटाची लांबी, कसब आणि वय पाहून ठरवतात, आणि पन्नाशीपुढच्यांना ती थोडी लवकर सुटेल अशी लावतात. म्हणून तिथला मुलगा वय विचारेल तेव्हा खरं सांगा, आणि त्याने विचारलं नाही तर आपण होऊन सांगा. आपला गुडघा त्यावर अवलंबून आहे.

आमचे गुरुजी जोशीमठचेच, तिशीतले. पहिल्या दिवसापासून त्यांचा एकच घोष : "माताजी, घुटने मोड़ो, नीचे मत देखो!" स्कीची टोकं जवळ आणि मागच्या बाजू लांब ठेवल्या की वेग आवरतो, याला स्नोप्लाऊ म्हणतात. उजवीकडे वळायचं तर भार डाव्या पायावर. डोक्याला हे पटतं, पण पायांना पटायला वेळ लागतो. एका सकाळी वहिनी लागोपाठ चार वळणं घेत खाली आल्या. समोर नंदादेवी, ७,८१६ मीटर, उन्हात लखलखत होती. "वन्सं, मी शिखराकडे बघत बघत आले," त्या म्हणाल्या. खाली न बघण्याचा धडा असा गळी उतरला.

सोलंगविषयी फार लिहीत नाही. हरिद्वारहून चंदीगड आणि तिथून रात्रीच्या बसने मनाली. सोलंगला दहा वाजल्यानंतर स्नो-स्कूटर, घोडे आणि फोटो काढणाऱ्यांची अशी दाटी होते की उतारावर वळायला जागा उरत नाही. तिथे आठवड्याच्या मधल्या वारी जावं, आणि पहिल्या गाडीने जावं. मनालीची सरकारी गिर्यारोहण संस्था माफक शुल्कात स्कीइंगचे वर्ग घेते, पण अशा अभ्यासक्रमांना वयाची अट असू शकते, ती आधी विचारून घ्यावी. आम्ही खाजगी शिक्षक दोघींत मिळून ठेवला. राहायला वशिष्ठ गाव निवडलं ते तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांसाठी. बायकांचं कुंड वेगळं आहे आणि पैसे पडत नाहीत. दिवसभर आखडलेल्या मांड्या त्या गंधकाच्या वासाच्या पाण्यात सैल पडतात. गावातल्या बायका तिथे गप्पा मारत असतात, आणि दुसऱ्या संध्याकाळपासून आपणही त्या गप्पांत असतो.

गुलमर्गला जाणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाबचा पूल, मग बोगद्यामागून बोगदे, आणि पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा संपला की काझीगुंडला एकदम पांढरं खोरं. एरवी बर्फाने महामार्ग बंद झाला की माणसं दिवसचे दिवस अडकायची. श्रीनगरहून शेअर सुमोने टंगमर्गला गेलो आणि तिथेच राहिलो. गुलमर्ग वर तेरा किलोमीटरवर आहे. चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सकाळी वर नेतात आणि संध्याकाळी खाली आणतात. खोलीचं भाडं टंगमर्गला निम्म्याहून कमी पडलं.

आणि बर्फ नव्हता. म्हणजे होता, पण जुना, घट्ट, मधून गवत डोकावणारा. जानेवारी २०२४ मध्ये तर गुलमर्ग अगदी कोरडं पडलं होतं, त्याच्या आठवणी तिथले लोक धास्तीने सांगतात. शिक्षक, गाडीवाले, स्लेज ओढणारे, सगळ्यांचं वर्षाचं पोट या दोन-अडीच महिन्यांवर. घरमालक मात्र शांत होते. काश्मिरी हिवाळ्याचा हिशेब त्यांनी मांडून दाखवला : २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्ला-ए-कलान, मग वीस दिवस चिल्ला-ए-खुर्द, मग दहा दिवस चिल्ला-ए-बच्चा. "अभी खुर्द चल रहा है, रुक जाइए." आजूबाजूच्या खोल्यांतली तरुण मंडळी विमानाच्या तिकिटांपायी परत गेली. आम्ही फेरनच्या लांब झग्यात निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसलो, गिरदा रोटी आणि खारट नून चहावर सकाळी काढल्या. मग एका रात्री बर्फ सुरू झाला तो दोन दिवस थांबला नाही.

उघडीप पडली तेव्हा आम्ही तिथेच होतो. आधी सपाटीजवळच्या सोप्या उतारांवर, ओढून नेणाऱ्या लिफ्टने, सवय केली. गोंडोलाचं, म्हणजे केबल कारचं, तिकीट हा सगळ्यात मोठा खर्च, तो नवशिक्याला रोज लागतही नाही. हात बसल्यावर पहिल्या टप्प्याने कोंगडूरीला गेलो. त्याच्या वरचा अफरवाटचा टप्पा चार हजार मीटरच्या जवळ जातो. तिथे आखलेले उतार नाहीत आणि हिमस्खलनात माणसं दगावली आहेत. ते आमचं काम नव्हे. ताज्या बर्फात स्कीचा आवाजच होत नाही, पायाखाली नुसती मऊ ओढ जाणवते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान, तो याच भागातला. याच उतारांवर स्कीइंग शिकलेला.

साठीनंतर हे जमतं. दिवाळीपासून रोज जिने चढा, उठाबशा काढा, गुडघ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. विम्यात साहसी खेळ धरले आहेत का ते कागद वाचून पाहा. हेल्मेटचं भाडं वाचवू नका. फेब्रुवारी धरा, खाली गावात राहा, आणि परतीचं तिकीट बर्फ पडल्यावरच काढा.