पावसाचं वाहन

आमच्या घरी कॅलेंडर यायचं ते राइस मिलवाल्याकडून. धान भरडायला बंडी गेली की परतताना तो कोंड्याच्या पोत्यावर एक गुंडाळी ठेवून द्यायचा. वर लक्ष्मी, तिच्या पायाशी मिलचं नाव आणि पत्ता. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी त्या पत्त्यातलं ‘जि. चंद्रपूर’ जायला आणखी दोन वर्षं लागली. आजीचं तर चंद्रपूरशीसुद्धा जमलं नाही. तिच्यासाठी ते शेवटपर्यंत चांदाच होतं.

कॅलेंडर भिंतीला लागलं की घरचे चतुर्थ्या, एकादश्या पाहायचे. मी थेट जूनचं पान उलटायचो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असायचं: सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश, वाहन बेडूक. पुढच्या नक्षत्राला आणखी कुणी. घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव आणि हत्ती अशी ही नऊ जणांची पागा. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर. कोल्हा-मेंढा आले की आकाशाकडे पाहत बसायचं. दुसरीत असताना माझी समजूत अशी की आषाढात रात्री कधीतरी खरंच एक म्हैस वैनगंगेच्या अंगानं येते आणि तिच्या पाठीवर पाऊस बसलेला असतो. म्हशीवरून येणाऱ्याला उशीर होणारच, यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी एका संध्याकाळी पाटीवर सगळी पागा मोडीत काढली. सूर्य नवीन नक्षत्रात शिरतो त्या वेळी चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचं, सूर्याच्या नक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं. बाकी उरेल ते वाहन. एक उरला तर घोडा, काहीच उरलं नाही तर हत्ती. इतका मोठा हत्ती शून्यातून निघावा, याचं मला फार वाईट वाटलं.

तरी सवय गेली नाही. आठवीत असताना रोहिणीपासून स्वातीपर्यंत बारा नक्षत्रांची मी वहीच ठेवली. डाव्या बाजूला वाहन, उजव्या बाजूला प्रत्यक्ष पाऊस. बेडकावर बसून आलेलं नक्षत्र कोरडं गेलं. पऱ्हे पिवळे पडले, रोवणी खोळंबली. कोल्ह्याच्या पंधरवड्यात मात्र मामा तलाव सांडव्यावरून वाहायला लागला. मामा म्हणजे माजी मालगुजारी. आईचा भाऊ नव्हे, हे बाहेरच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं. वही आजीला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “हत्तीवर येवो का उंदरावर, बांधीत पानी भरलं म्हनजे झालं गा.”

तिचं कॅलेंडर वेगळंच होतं आणि ते कुठल्या मिलवाल्यानं छापलेलं नव्हतं. मार्च-एप्रिलात ती पहाटे अंधारात टोपली घेऊन निघायची, तेव्हा मोह सुरू झालेला असायचा. रात्रभर टपटपलेली ती पिवळट, रसाळ फुलं उन्हं चढण्याआधी वेचावी लागतात. आजी झाडाखाली बसून सरकत सरकत वेचायची; बोटं चिकट व्हायची, आणि घरी आल्यावर तिच्या लुगड्याला दिवसभर गोडसर, आंबूस वास यायचा. त्या दिवसांत बाबांच्या वर्गात निम्म्या पट्ट्या रिकाम्या. सुट्टी कुठल्याच तक्त्यात नाही, पण पोरं मोहाखाली. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या फळीवर अख्खं गाव. पाऊस लागला, वीज कडाडली की सात्यांची अळिंबी कुठल्या वारुळाजवळ उगवेल, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब कधी काढायचे, हे विचारायला पंचांगवाल्याकडे कुणी जात नव्हतं. धानोरा-भामरागडकडच्या गोंड-माडिया गावांत तर पंडुमचा सण झाल्याशिवाय नवं फळ तोंडात घालत नाहीत. पंडुमचा दिवस गाव बसून ठरवतं. छापील चौकोनात तो सापडणं शक्य नाही.

छापील चौकोन तरी कुठे जागचे जागी राहतात? विवेकानंद जन्मले १२ जानेवारी १८६३ ला, तो मकरसंक्रांतीचा दिवस होता. आता तिळगूळ १४ नाहीतर १५ ला खातो. सूर्याचं नक्षत्रही असंच सरकतं. सत्तर-बहात्तर वर्षांना एक दिवस. आणखी काही हजार वर्षांनी मिरग ऐन जुलै-ऑगस्टच्या पावसात लागेल आणि तेव्हाचा एखादा मुलगा वहीत लिहील: वाहन बरोबर निघालं.

माझी वही कधीच हरवली. मग ऑक्टोबर २०२१ उजाडला. हस्त सरायच्या, चित्रा लागायच्या सुमाराला छत्तीसगडकडून वीसेक रानटी हत्तींचा कळप आमच्या जिल्ह्यात शिरला. हस्ताला आमचे शेतकरी हत्तीच म्हणतात. त्या काळात उत्तरोत्तर जड होत जाणाऱ्या लोंब्यांवर एक शेवटचा पाऊस हवा असतो, तो हत्तीचा पाऊस. पाऊस काय आला ते आठवत नाही. हत्ती मात्र अगदी खरे. कमलापूरच्या वनविभागाच्या कॅम्पातले, माहुताचं ऐकणारे हत्ती आम्हाला माहीत होते. हे कुणाचंच ऐकत नव्हते. हलकं धान कापून रचलेली पुंजणी त्यांनी उधळली, उभ्या बांध्या तुडवल्या. घरात साठवलेल्या मोहाच्या वासानं भिंतीही पाडल्या. पुढच्या वर्षांत माणसंही गेली. तेव्हापासून हत्ती हा शब्द गमतीत उच्चारताना जीभ जरा अडखळते.

माझा चुलतभाऊ अजून शेती करतो. हत्ती कुठल्या जंगलात आहेत याचे निरोप त्याच्या मोबाइलवर येतात; तिथी-वार पाहायच्या आधी तो ते पाहतो. परवाच्या एका हस्तात त्याच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री जेवून आम्ही ओसरीत बसलो होतो. लांब कुठेतरी डबे वाजत होते, मधूनच एक फटाका. भावानं भिंतीकडे बोट केलं. “तू लहानपनी पाहत होता ना गा? पाह्य बरं, या हत्तीचं वाहन काय हाये?”

चष्मा लावून मी खालची बारीक ओळ शोधली. उंदीर.

“बरं झालं,” तो म्हणाला आणि टॉर्च घेऊन उठला. “उंदीर परवडते.”