नोंद झाकल्यावर

बोदलेर आमच्या वर्गात येई तो आधुनिक कवितेचा पूर्वज म्हणून, आणि तेवढे काम उरकून निघून जाई. १८५९ सालच्या पॅरिसच्या चित्रप्रदर्शनावर त्याने लिहिलेला मजकूर आम्ही वाचला तो निवृत्तीनंतर. त्यात यूजीन बूदाँविषयी काही परिच्छेद आहेत. बूदाँ हा ओंफ्लरचा, दर्यावर्दी बापाचा मुलगा. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उभे राहून त्याने समुद्राची व आभाळाची पेस्टलमध्ये शेकडो टिपणे केली आणि त्यांवर तारीख, वेळ, वारा यांची नोंद ठेवली. ही नोंद तळहाताने झाकली तरी ऋतू, प्रहर आणि वारा ओळखता येतात, असे बोदलेर सांगतो. निसर्गाची नुसती नक्कल करणाऱ्यांवर याच लेखनात तुटून पडणारा हा माणूस. पण या निर्मनुष्य आभाळांपुढे त्याला माणसाची उणीव एकदाही भासली नाही. (ही पुरी झालेली चित्रे नव्हेत, हे बजावायलाही तो विसरत नाही. समीक्षक तो समीक्षकच.)

त्या भरात आम्ही पेस्टलची पेटी घेतली आणि हिवाळ्यात हर्णैला जाऊन राहिलो.

पेस्टलचा खडू म्हणजे जेमतेम डिंकाने बांधलेली रंगाची भुकटी. तबकडीत रंग कालवून पाहण्याची सोय नाही. जे व्हायचे ते कागदावरच, थरावर थर देऊन. कागदाची खरखर भरली की पुढचा खडू नुसता घसरतो. सकाळी मतलई वारा पाठीमागून येई आणि भुकटी समुद्राकडे उडवून नेई. दुपारनंतर खारा वारा तीच आमच्या चष्म्यावर आणून टाकी. रंग बसवण्यासाठी द्रव फवारला, तर ढगांचा पांढरा रंग काळवंडला. संध्याकाळी लिलावाच्या गलक्यात सुवर्णदुर्ग काळी आकृती होऊन उभा राही, आणि त्यामागे नारिंगी रंग भरायला आमचा हात आपोआप जाई.

घरी आल्यावर सौभाग्यवतींपुढे तेवीस कागद मांडले, मागच्या नोंदी झाकून. त्यांनी एकोणीस कागदांना 'संध्याकाळ' म्हटले. त्यांतले अकरा सकाळचे होते! सकाळी सूर्य पाठीशी असतो, तटावर ऊन पडते, पाण्यावर सोनेबिने काही नसते. आणि तरीही ते सोने आम्ही भरले होते. ते आम्ही कुठून आणले हे सांगायला नकोच. तीस वर्षे तेच शिकवले.

एक कागद मात्र त्यांनी अचूक ओळखला: सकाळ, ओहोटी, वारा जमिनीकडून. तो आम्ही फुकट गेला म्हणून अर्धवट सोडला होता. त्यातले पाणी निळे नाही. खाडीच्या गाळासारखे, मातकट.

त्या रंगापाशी आम्हांला एक जुनी वही आठवली. दाभोळकडच्या एका विद्यार्थिनीने निबंधात सकाळचा समुद्र मातकट लिहिला होता. आम्ही त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून समासात 'निळाशार' असे सुचवले. तिने मुकाट्याने ते पुन्हा लिहून आणले, आणि आम्ही दोन गुण वाढवले.

तो कागद आता टेबलावर आहे. त्यावर द्रव फवारलेला नाही. बोट लावले की समुद्र बोटाला लागतो.