आवळीच्या शेंड्यातली गाठ

आंधळगावात पतंगाचा विषय निघाला की बोलणं कोशावर जाणार, हे ठरलेलं. मोहाडी तालुक्यातलं हे विणकरांचं गाव, कोसा आणि करवतकाठी साड्यांचं. ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन अळी कोसा विणते, माणसं तो उकळून धागा काढतात. त्या पतंगाला मानसन्मान आहे. मला ओढ आहे ती त्याच्या एका लांबच्या भाऊबंदाची. त्याला कुणी विचारत नाही, कारण तो कुणाच्याच कामाचा नाही.

तो आवळीवर वाढतो. नाव बेटूसा स्टायलोफोरा. ते ठेवणारे कर्नल चार्ल्स स्विन्हो १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. पावसाळ्यात आवळीला कोवळे शेंडे फुटले की इवलीशी अळी त्यांत शिरते आणि आतून कुरतडू लागते. झाड तिथे नको तेवढं वाढतं, आणि बारीक डहाळी मध्येच टम्म फुगते. गाठ उभी चिरली तर ओली, हिरवट भिंत दिसते, आत पोकळी, विष्ठेचे काळे दाणे आणि अंग चोरून बसलेली अळी. कोशाची अळी स्वतःचं रेशीम खर्चून घर बांधते. ही झाडाकडून बांधून घेते आणि वर तेच घर खात बसते! मला तर ही लबाडी फार आवडते. बागाईतदाराला आवडणार नाही, आणि त्याचंही खरंच आहे: गाठ आली की शेंडा खुंटतो, खालून भलतेच फुटवे येतात. तो गाठी छाटून जाळतो.

पतंगाला कुरतडायला जबडा नसतो. मग बंद घरातून निघायचं कसं? कोशाचा पतंग तोंडातून पाझरणाऱ्या द्रवाने कोसा मऊ करून वाट काढतो. गाठीत वाढणाऱ्या पतंगांच्या अनेक जातींत ही तजवीज अळीच करून ठेवते. जबडा आहे तोवर भिंत आतून कोरायची, बाहेर नुसता पापुद्रा ठेवायचा. पुढे पंख येतील त्याची सोय आधीच झालेली.

कार्तिकात आवळीखाली जेवायला बसाल तेव्हा एकदा वर शेंड्यांकडे बघा. बागेतल्या गाठी खुशाल छाटा. रानातल्या आवळीवरच्या मात्र राहू द्या.