विरुद्धार्थी शब्द लिहा

मंडळी, आज एका चुकीची कबुली द्यायची आहे. चूक माझीच, आणि तीही लाल शाईतली.

गोष्ट 1978 ची. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्याच एका खेड्यात मी चौथीला शिकवत होतो. सहामाहीच्या मराठीच्या पेपरात नेहमीचा प्रश्न होता, विरुद्धार्थी शब्द लिहा. लहान, मोठा. दिवस, रात्र. त्यातच मी 'सुट्टी' हा शब्दही घातला होता. मला हवे होते 'शाळा'. एका मुलीने लिहिले 'कापूस'. मी फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला.

पेपर वाटले तेव्हा ती उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "गुर्जी, सुट्टी लागली की कापूस येचाले जा लागते. मंग सुट्टी कुठी राह्यते?"

निम्मा वर्ग माना डोलवत होता. दसऱ्यानंतर आमच्याकडे कापूस वेचणीला येतो आणि दिवाळीची सुट्टी नेमकी तेव्हाच लागते. त्या मुलांना विसावा मिळे तो शाळेतच! मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, पण सुट्टी म्हणजे काय हे मला चौथीतल्या पोरीने सांगितले. तरीही मी तो गुण दिला नाही. "पुस्तकात असं नाही," म्हणून तिला खाली बसवले. गुण एकच होता, पण अजून बोचतो.

प्रायश्चित्त म्हणा हवे तर, पण त्यानंतर शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचा तास मी शब्दांसाठी ठेवला. खेळ अगदी साधे. विरुद्धार्थी शब्द लिहायचा, पण पुस्तकातला चालणार नाही आणि कारण सांगता आले पाहिजे. 'बैल' समजावून सांगायचा, पण शेत, नांगर, गाडी हे शब्द वापरायचे नाहीत. डब्यातून दोन चिठ्ठ्या उचलायच्या, 'कंदील' आणि 'आजी' निघाले तर दोघांना जोडणारे एक वाक्य करायचे. खर्च काय, तर थोडा खडू.

निवृत्तीनंतर इटलीतल्या जानी रोदारी या लेखकाविषयी वाचले. तेही आधी शिक्षक होते. एका मुलाने फळ्याच्या एका बाजूला शब्द लिहायचा, दुसऱ्याने तो न बघता दुसऱ्या बाजूला, आणि मग त्या दोन शब्दांची गोष्ट करायची, असा त्यांचा खेळ. 1973 साली त्यांनी यावर पुस्तकच लिहिले. वाचून बरे वाटले. पण इटलीपर्यंत तरी कशाला जायचे? आपल्या भुलाबाईत मुली बंद डबा हलवतात आणि बाकीच्यांनी खाऊ ओळखायचा असतो. गोड की तिखट? भाजलेले की तळलेले? शेवटी लाडू, करंजी, चिवडा संपतात आणि कधी न सुचलेला पदार्थ आठवतो. घरोघरच्या आयाबाया उखाणे आणि कोडी घालत आल्या, त्यांनी याला व्यायाम म्हटले नाही इतकेच.

इतक्या वर्षांत मला एक कळले. पहिला शब्द सवयीचा असतो. दुसरा बहुतेक पुस्तकातला. ते दोन्ही खोडले की तिसऱ्या-चौथ्या शब्दापासून आपण स्वतः जे पाहिले-भोगले ते कागदावर येऊ लागते. यातून कोणी कवी होईलच असे नाही. मेहकरला वकिली करता करता 'शीळ' लिहिणारे, 1986 साली 'खूणगाठी'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले ना. घ. देशपांडे एखादेच. पण रोजच्या अडचणीत पहिल्याच उत्तरापाशी अडून न बसण्याची सवय कोणालाही लागू शकते.

याचा दाखला घरातलाच देतो. नातेवाइकांना ठाऊक आहे, शेताच्या बांधावरून माझा आणि धाकट्या भावाचा चार वर्षे अबोला होता. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी वही घेऊन बसलो आणि सहज लिहिले, 'अबोला'. विरुद्धार्थी? 'बोलणे'. खोडले, कारण बोलायचे काय हाच तर प्रश्न होता. मग 'माफी'. तेही खोडले, आम्हा दोघांना ती जमत नाही. मग 'मोजणी'. त्याने भांडण मिटते, अबोला नाही. चौथा शब्द आला, 'चहा'.

वही मिटली, चपला घातल्या आणि त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी काही न विचारता आत गेली. कप आले. भावाने बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "दादा, तुले साखर चालते ना?"

बांधाचे अजून ठरलेले नाही. मोजणी व्हायची तेव्हा होईल. चहा मात्र आठवड्यातून दोनदा होतो.

तुम्हीही आज एक शब्द घ्या, मनात सलणारा. समोर विरुद्धार्थी लिहा. पहिली तीन उत्तरे खोडा. चौथ्याला फुली मारण्याआधी मात्र थोडे थांबा. मी थांबलो नव्हतो.