गायीशेजारची बुलेट

मनालीला लोक मधुचंद्राला जातात. मी गेलो तो वडिलांची जुनी बुलेट घेऊन. "एकदा रोहतांगला जायचे," असे ते जन्मभर म्हणत राहिले. जाणे काही झाले नाही. म्हणून २०२४च्या दिवाळीनंतर गाडी रेल्वेने चंदिगडला पाठवली आणि तिथून बियासच्या काठाकाठाने वर चढलो. मनालीत पोचलो त्याच रात्री पुण्याहून फोन आला : आईला इस्पितळात ठेवले आहे. रोहतांग राहिले.

पण गाडीचे काय करायचे? जुन्या मनालीत मी उतरलो होतो ते घर पुराण्या धाटणीचे. दगड आणि देवदाराच्या तुळया एकावर एक रचलेल्या. वर माणसे, खाली गुरे. "राहील गायीशेजारी," घरमालक म्हणाले, आणि त्यांनी एका म्हाताऱ्या मिस्तरींना बोलावणे धाडले.

मिस्तरींचा पहिला हुकूम : टाकी गळ्यापर्यंत भरा. मी तर ती रिकामी करायच्या बेतात होतो!

"इथल्या थंडीने पेट्रोल गोठत नाही, बाबूजी. गोठते ते पाणी."

रिकाम्या टाकीत हवा, हवेत ओल. रात्री पत्रा गारठला की आतून दव धरते. पाणी पेट्रोलहून जड, म्हणून तळाशी बसते आणि तिथे गंज चढवते. नळीत उतरले तर शून्य अंशाला त्याचा बर्फ होतो नि वाटच बंद! शिवाय आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते. पाणी फार झाले की दोघे जोडीने पेट्रोलपासून विभक्त होऊन तळ गाठतात.

दुसरा हुकूम : कॉक बंद करा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल करून तिच्यातले पेट्रोल काढून टाका. हे काम त्यांनी अंगणात, चुलीपासून दूर केले. वाटीतले पेट्रोल महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर उडून जाता जाता मागे चिकट राळ ठेवते. जेटचे बारीकसे भोक बुजायला तेवढी पुरे.

तिसरा हुकूम घरमालकांना : गोठ्यात विडी नाही, कंदील नाही.

आई बरी झाली. घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "ह्यांची गाडी कुठे आहे?"

२०२५च्या जूनमध्ये परत गेलो. मिस्तरींनी टाकीच्या तळचे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात धरले. खाली पाण्याचा थर नव्हता. निम्मे जुने काढून ताजे भरले. पहिली किक वाया, दुसरी वाया. माझ्या पोटात गोळा आला. तिसरीला मात्र सारे अंगण दणाणले; गाय दचकून उभी राहिली.

मी पुण्याला फोन लावला आणि धुरांड्याजवळ धरला. आई बराच वेळ ऐकत होती.

"चोक तसाच राहिलाय रे," ती म्हणाली. "ह्यांचाही राहायचा."