अजून १४ सेंटिमीटर
हैदराबादेतील एका घरी नवव्या वाढदिवशी मुलीने जाहीर केले, की गाडीत आता बूस्टर सीट नको. वर्गातले कुणीच त्यावर बसत नाही. वडिलांनी वाद घातला नाही. सीट काढून त्यांनी तिला नुसता पट्टा लावला. वरचा पट्टा गळ्याला घासू लागला, कमरेचा पोटावर चढला.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा १४ वर्षांखालील मुलांसाठी पट्टा किंवा बालसुरक्षा आसन सक्तीचे करतो. अन्यथा १००० रुपये दंड. परंतु दोहोंपैकी काय हवे, हे शरीराच्या मापावर ठरते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी ०.१ सेकंदात थांबली, तर २५ किलोच्या मुलाला रोखण्यास सरासरी सुमारे ३५०० न्यूटन बल लागते. जणू साडेतीनशे किलोंचा भार. तो कमरेच्या हाडांनी पेलायचा असतो. आतड्यांना तो पेलवत नाही.

पाठ टेकून बसल्यावर गुडघे आसनाच्या कडेशी वाकावेत, खालचा पट्टा मांड्यांलगत कमरेच्या हाडांवर आणि वरचा खांद्याच्या मध्यावर यावा. साधारणतः १४५ सेंटिमीटर उंचीला हे साधते.

घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण झाली : १३१. मुलीने वजाबाकी केली आणि सीट स्वतःच गाडीत नेऊन ठेवली.